पुस्तकातला खून आणि गावातली कुजबूज

(पत्राचा गोषवारा. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, पन्नाशीतल्या एका बाईंचं हे पत्र. गावच्या 'ब' वर्ग वाचनालयात त्या महिन्यातून दोन शनिवारी वाचनकट्टा चालवतात. दहा-बारा जण नेमाने येतात. यंदाच्या हिवाळ्यात त्यांनी रशियन लेखक दस्तयेवस्कीची 'द ब्रदर्स करमाझोव्ह' घेतली. कुणी ती इंग्रजीतून वाचली, कुणी हिंदीतून. दोन्ही जड जाणाऱ्यांना बाईंनी प्रकरणं सांगितली. छोटं गाव, पैशावरून आणि बाईवरून बाप-लेकात जुंपलेलं भांडण, एका रात्री बापाचा खून आणि थोरल्या मुलावर खटला. "सगळे रंगून जातील असं वाटलं होतं, आणि गेलेही," असं त्या लिहितात.

शेवटच्या बैठकीत मात्र बिनसलं. बँकेत नुकताच लागलेला एक मुलगा म्हणाला, की खुनाचा भाग जबरदस्त आहे, मठातली धर्मचर्चा उगाच लांबवली आहे. त्यावर एक निवृत्त सर म्हणाले, "मालिका बघणाऱ्यांनी हे पुस्तक हातात घेऊ नये." पुढे सरच म्हणाले, "असल्या बापाला कुणीतरी मारणारच होतं. आणि मारणारा घरातलाच असतो, नेहमी." दोघं-तिघं हसले. कट्ट्यावर येणाऱ्या एका वहिनींकडे एक-दोघांची नजर गेली. चार वर्षांपूर्वी त्यांचे सासरे शेतातल्या विहिरीत पडून गेले होते. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पण जमिनीच्या वाटणीचा वाद तेव्हा चालू होता, त्यामुळे गावात बरंच बोललं गेलं. वहिनी "दूध तापायला ठेवलंय" म्हणून उठल्या. त्यानंतर दोन महिने त्या आलेल्या नाहीत.

आता वाचनालयाच्या भित्तिपत्रकावर सगळ्यांचे अभिप्राय लागायचे आहेत. सरांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून दिलं आहे. ते कार्यकारिणीवर आहेत, काढलं तर दुखावतील. लावलं तर वहिनी वाचतील. बाई विचारतात: अभिप्राय लावू की नको? वहिनींची माफी कुणी मागायची? आणि गावात असली पुस्तकं वाचायचीच नाहीत का?

*

प्रिय ताई,

तुम्ही तीन माणसांबद्दल लिहिलंय: सर, बँकेतला मुलगा आणि वहिनी. चौथं माणूस मला पत्राच्या दुसऱ्या पानावर एका ओळीत भेटलं. "खरं सांगायचं तर तेव्हा मलाही शंका आली होती." ही ओळ तुम्ही खोडली नाहीत, याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं मला तिथूनच निघताना दिसतात.

तुम्ही वाचलेल्या कादंबरीचं मूळ कुठे आहे, हे कट्ट्यावर कुणी सांगितलं का? दस्तयेवस्की १८५० ते १८५४ अशी चार वर्षं सैबेरियात ओम्स्कच्या तुरुंगात होता. तिथे त्याच्याबरोबर एक तरुण कैदी होता, बापाचा खून केला म्हणून शिक्षा भोगणारा. सुटकेनंतर दस्तयेवस्कीने त्या तुरुंगावर पुस्तक लिहिलं. त्यातला निवेदक या कैद्याबद्दल म्हणतो, की माझा आधी विश्वास बसत नव्हता, पण त्याच्याच गावच्या माणसांनी, ज्यांना सगळं ठाऊक असायला हवं होतं अशांनी, सगळी हकीकत सांगितली, आणि ती इतकी स्वच्छ होती की विश्वास न ठेवणं अशक्य झालं. तो भाग छापून झाला. मग त्याच पुस्तकात पुढच्या एका प्रकरणात त्याला दुरुस्ती घालावी लागली. खरे गुन्हेगार सापडले होते. तो माणूस निर्दोष होता आणि विनाकारण दहा वर्षं खितपत पडला होता.

त्या दुरुस्तीपाशी मी दर वेळी थांबते. माणसाच्या मनाचा तळ शोधणारा हा लेखक, शेजारी वावरणाऱ्या माणसाबद्दल त्यालाही गावच्या सांगण्यावर विसंबावं लागलं, आणि गाव चुकलं होतं. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी त्याने बापाच्या खुनावर कादंबरी लिहिली, तेव्हा तो कैदी त्याच्या मनात होताच. म्हणजे तुमच्या कट्ट्याने हिवाळाभर जे वाचलं, ते एका चुकलेल्या गावाच्या पोटातून आलेलं पुस्तक आहे.

तुम्हाला शंका आली होती, यात गुन्हा नाही. शंका येतेच, ती कुणाला विचारून येत नाही. पण त्या शनिवारी सर बोलले, तेव्हा तुमची नजर वहिनींकडे गेली, ती कशामुळे? सरांनी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. सरांच्या मनात तसं काही होतं की नाही, हेही तुम्हाला माहीत नाही, कारण पत्रात तुम्हीच लिहिता की ते निवृत्तीनंतर गेल्या वर्षीच गावात परत आले. पुस्तकातलं वाक्य आणि विहिरीची घटना यांची गाठ त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाने आपापल्या मनात मारली. तुम्हीसुद्धा. हे मी दोष द्यायला म्हणत नाही, ताई. पण वहिनींकडे जाण्याआधी एवढं स्वतःशी कबूल करून जा, म्हणजे सरांच्या वतीने माफी मागण्याची पाळी येणार नाही.

दुसरं एक गृहीतक. वहिनी त्या वाक्यामुळेच उठल्या, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलही, मलाही तसंच वाटतं. पण तुमच्याकडे काय आहे? एक वाक्य, दोन नजरा, तापायला ठेवलेलं दूध आणि दोन महिन्यांची गैरहजेरी. या चार गोष्टींवरून कादंबरीतल्या सरकारी वकिलाने अख्खी कहाणी उभी केली असती. त्याच खटल्यातला बचावाचा वकील म्हणतो, की मानसशास्त्र म्हणजे दोन टोकांची काठी आहे, आणि तेच पुरावे उलट बाजूने मांडून दाखवतो. काय सांगावं, मार्च-एप्रिल आहे, घरात परीक्षा असेल. हळदीची कामं असतील. कदाचित त्यांना पुस्तकच आवडलं नसेल आणि तुम्हाला तोंडावर सांगायला संकोच वाटला असेल.

आता सरांचं वाक्य. त्यात दोन वाक्यं आहेत आणि ती सारखी नाहीत. "असल्या बापाला कुणीतरी मारणारच होतं" हे पुस्तकाबद्दलचं मत आहे. कादंबरीतल्या बापाने, फ्योदोर पावलोविचने, मुलांना नोकराच्या झोपडीत वाढायला टाकलं, त्यांचं अस्तित्वसुद्धा विसरला, थोरल्याच्या आईकडून आलेल्या पैशांवरून त्याला नाडलं, वर ज्या बाईवर त्याचा जीव होता तिच्याच मागे लागला. सरांना त्याची चीड आली तर ती पुस्तकानेच आणली आहे. न्यायालयाच्या प्रसंगात बचावाचा वकील जवळजवळ हेच बोलतो. नुसतं जन्माला घालून कुणी बाप होत नाही, बापपण मिळवावं लागतं. आणि सभागृहातली निम्मी माणसं टाळ्यांचा कडकडाट करतात. लेखक तिथे एक छोटी गोष्ट नोंदवून ठेवतो: टाळ्या वाजवणाऱ्यांत आई-बापही होते. त्या प्रकरणाला त्याने नाव दिलंय 'विचारांचा व्यभिचारी'. सरांचं मत त्या टाळ्यांमधलं एक आहे, आणि कादंबरीत त्याला हक्काची जागा आहे. ते भित्तिपत्रकावर लागायलाच हवं.

"आणि मारणारा घरातलाच असतो, नेहमी" हे मात्र पुस्तकाबद्दल नाहीच. त्यातल्या 'नेहमी' या शब्दाने ते पुस्तकाच्या बाहेर पडतं आणि गावात हिंडायला लागतं. कुठल्या पानावरून ते आलं असं विचारलं तर सरांना पान दाखवता येणार नाही. तुमच्या हातात संपादनाची जबाबदारी आहे, तर हा एकच निकष सगळ्यांना लावा: अभिप्रायातल्या प्रत्येक मताच्या पाठीशी पुस्तकातलं एखादं पान, प्रसंग किंवा माणूस असलं पाहिजे. सरांना लावा, बँकेतल्या मुलाला लावा, स्वतःलाही लावा. मग काढलेलं वाक्य कुणाच्या भावनांसाठी काढलेलं राहत नाही.

म्हणून सरांकडे जाल तेव्हा वहिनींचा विषय काढू नका. "त्यांना वाईट वाटलं" असं म्हणालात, की तुम्ही एका नव्या माणसाला विहिरीची गोष्ट सांगितलीत, आणि तीही वहिनींच्या नावाने. सरांना विचारा, की त्या वकिलाच्या भाषणाबद्दल तुमचं मत काय, तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या का? ते प्रकरण पुन्हा वाचून अभिप्राय थोडा वाढवून द्याल का? शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी मनापासून प्रश्न विचारला की तो उत्तर तयार करतो. दुसरं वाक्य बहुधा आपोआप गळून पडेल. नाहीच गळालं, तर निकष सांगा आणि काढा. ते रागावतील. रागावू द्या. कार्यकारिणीवरच्या माणसाचा चार दिवसांचा राग परवडतो.

बँकेतल्या मुलाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण त्याच्या वाट्याला आलेला अपमान तुम्ही पत्रात दोन ओळींत उरकलात. तो पुढच्या बैठकीला आला म्हणून प्रश्न सुटला असं नाही. 'खुनासाठी वाचणारा' आणि 'विचारांसाठी वाचणारा' अशी उतरंड आपण मराठी वाचकांनी फार दिवस जपली आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या वाचून कितीतरी घरांत वाचनाची सवय लागली, आणि तरी त्या कपाटात दर्शनी भागात ठेवायला आपण लाजलो. माझे वडील त्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे. ते कशासाठी, हे मला मोठेपणी कळलं आणि वाईट वाटलं.

आणि या कादंबरीचे पहिले वाचक तरी कसे वाचत होते? जानेवारी १८७९ ते नोव्हेंबर १८८० अशी जवळजवळ दोन वर्षं ती 'रशियन मेसेंजर' मासिकातून क्रमशः येत होती. खुनाच्या रात्री थोरला मुलगा मित्या अंधारात बापाच्या खिडकीशी उभा आहे, खिशातून पितळी बत्ता काढतो, आणि तिथे लेखकाने टिंबांची एक ओळ टाकली आहे. पुढे काय झालं, सांगितलेलंच नाही! एका वाचक बाईंना राहवलं नाही, त्यांनी थेट लेखकालाच पत्र लिहिलं. ८ नोव्हेंबर १८७९ ला दस्तयेवस्कीने त्यांना उत्तर पाठवलं. त्यात खुनी कोण हे त्याने नावानिशी सांगून टाकलं (ज्यांनी अजून वाचलेलं नाही त्यांच्यासाठी मी ते इथे लिहीत नाही), एका भावाचा त्यात दुरून, आडवळणाने काय वाटा होता तेही सांगितलं, आणि मग म्हटलं, की वाचकाला नुसतं कथानक महत्त्वाचं नसतं, मनुष्याच्या मनाची थोडी जाण वाचकाकडे असेल अशी अपेक्षा धरायचा लेखकाला हक्क आहे. क्रम बघा, ताई. आधी प्रश्नाचं सरळ उत्तर, मग मनाच्या जाणिवेची गोष्ट. "मालिका बघणाऱ्यांनी हात लावू नये" असं तो त्या बाईंना म्हणाला नाही.

मोठ्या वाचकांचंही या पुस्तकावर कधी एकमत झालेलं नाही. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९२८च्या निबंधात तिला आजवरची सर्वांत भव्य कादंबरी म्हटलं, आणि हात कुणाचा होता याला फारसं महत्त्व नाही, इच्छा कुणाच्या मनात होती हे महत्त्वाचं, असं मांडलं. कादंबरीकार नाबोकोव्ह अमेरिकेत विद्यार्थ्यांना शिकवताना तिच्याकडे संथ चालीची गुन्हेकथा म्हणून बघत होता आणि त्याला ती आवडत नव्हती. तुमच्या सरांचं आणि त्या मुलाचं पटलं नाही, तर ते बऱ्या सोबतीत आहेत. निमंत्रक म्हणून तुमच्यावर एकमत घडवण्याचं ओझं नाही.

मला विचाराल तर त्या मुलालाच पुढच्या बैठकीचं काम द्या. वाचनालयाच्या फळ्यावर त्याला खुनाच्या रात्रीचा आराखडा काढू दे. मित्या कुठून निघाला, बत्ता कुठे उचलला, दारावरच्या ठरलेल्या खुणेच्या थापा कुणाकुणाला माहीत होत्या, बागेकडचं दार उघडं होतं की बंद, ते उघडं होतं असं कोण सांगतं आणि त्या रात्री त्या माणसाची अवस्था काय होती, तीन हजार रूबल नक्की कुणी पाहिले. कथानकात रमणाऱ्या वाचकाची नजर इथे सगळ्यांत तीक्ष्ण असते. आराखडा पुरा झाला की कट्ट्यावरच्या सगळ्यांना एकदमच दिसेल, की गावाची खात्री किती थोड्या गोष्टींवर उभी होती. हे सरांनी भाषण करून सांगण्यापेक्षा त्या मुलाने खडूने दाखवलेलं बरं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तो माझ्या मते सगळ्यांत कठीण. छोट्या गावात छोट्या गावातल्या खुनाची कादंबरी वाचू नये का? शहरात दोनशे जणांच्या सभेत अशी चर्चा हवेत विरते. तुमच्याकडे बारा जण असतात, आणि बाराही जणांना एकमेकांच्या घरचं जेवण आणि भांडण दोन्ही ठाऊक असतं. म्हणून तुमची भीती खोटी नाही. पण या कादंबरीचा निवेदक आठवा. त्याला नाव नाही. तो त्याच गावचा एक रहिवासी आहे आणि पहिल्या वाक्यापासून "आमच्या भागात", "आमच्या गावात" असं म्हणत गोष्ट सांगतो. गावाचं नाव मात्र तो लपवतो. कादंबरी तीन चतुर्थांश उलटून गेल्यावर राजधानीतल्या एका वर्तमानपत्रात या खटल्याची चुरचुरीत बातमी येते, त्या वर्तमानपत्राचं नावच 'अफवा' आहे, आणि त्या बातमीमुळे निवेदकाला कबूल करावं लागतं, की हो, आमच्या गावाचं नाव स्कोतोप्रिगोन्येव्स्क, मी इतका वेळ ते सांगितलं नव्हतं. गुरांच्या बाजाराचं गाव असा काहीसा त्याचा अर्थ. त्या बातमीत गावच्या एका विधवेबद्दलही, नाव न घेता, गलिच्छ काही सुचवलेलं असतं, आणि ती बाई वर्तमानपत्र हातात धरून तळमळते. ती थोडी उथळ दाखवली आहे, तरी त्या पानावर मला तिच्याबद्दल कणव वाटते. नाव न घेता बोललं गेलेलं माणसाला किती लागतं, हे त्या पुस्तकातच लिहिलेलं आहे. असं पुस्तक तुमच्या गावाने वाचू नये, तर कुणी वाचावं?

फक्त पुढच्या वेळी तुम्ही तयार असा. चर्चा पुस्तकातून निसटून गावात शिरते आहे असं दिसलं, की लगेच "हे कुठल्या पानावर?" असं विचारा. रागाने नको, नेहमीच्या आवाजात, पहिल्या बैठकीपासून, सगळ्यांना. सवय झाली की तो प्रश्न कुणावर रोखलेला वाटत नाही. इतर गावांतले कट्टे चालवणारे जे हे सदर वाचतात, त्यांनाही मी हेच सुचवेन. कौटुंबिक खुनाचीच कादंबरी कशाला, घटस्फोटाची असो, दत्तक मुलाची असो, दारूची असो, बारा जणांत कुणाच्या तरी घरात ती गोष्ट घडलेली असतेच.

आणि बापाबद्दलची चर्चा सरांच्या वाक्यावर संपली, तशी ती राहू देऊ नका. या कादंबरीत दुसरा एक बाप आहे, कॅप्टन स्नेगिर्योव्ह. दरिद्री, दारुडा, हास्यास्पद. मित्या त्याला दाढी धरून खानावळीबाहेर फरफटत नेतो, आणि त्याचा लहानगा मुलगा इल्यूशा शेजारून धावत "माझ्या बाबांना सोडा" म्हणून विनवतो, मारणाऱ्याच्या हाताचं चुंबन घेतो. शाळेतली पोरं चिडवतात तेव्हा हाच मुलगा एकटा सगळ्यांशी भिडतो. कॅप्टनला पुढे नुकसानभरपाई म्हणून दोनशे रूबल देऊ केले जातात, घरात औषधाला पैसा नसताना तो त्या नोटा चुरगाळून पायाखाली तुडवतो, कारण मुलाला काय तोंड दाखवू? ही पानं पुढच्या शनिवारी मोठ्याने वाचा. मी विशीत असताना खुनाकडे पोचायच्या घाईत ती भराभरा उलटली होती. स्वतःचे वडील गेल्यावर परत वाचली, तेव्हा पुढे सरकता येईना.

राहिल्या वहिनी. त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा. फोन नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर "सर्वांची क्षमा मागते" असला संदेश तर मुळीच नको, कारण क्षमा कशाची हे उरलेले दहा जण आपापल्या परीने ठरवतील. कुणाला मध्यस्थ पाठवू नका. सासऱ्यांचा, विहिरीचा, गावाचा विषय काढू नका, आणि "मला तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे" असंही म्हणू नका. न विचारलेल्या आरोपातून कुणाला मुक्त करणं म्हणजे आरोप तोंडाने उच्चारणंच आहे. त्यापेक्षा स्वतःच्या वाट्याचं तेवढं बोला: "त्या दिवशी बोलणं भरकटलं, मी ते थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. ते माझ्या मनाला लागून राहिलंय." यात त्यांना काही कबूल करावं लागत नाही, काही समजावूनही सांगावं लागत नाही. त्या "छे, तसं काही नाही" म्हणाल्या, तर ते खरं धरा आणि चहा घ्या. काही बोलल्या, तर ऐका आणि तिथेच ठेवून या. कट्ट्यावर यायचा आग्रह करू नका. पुढच्या शनिवारी कुठली पानं वाचणार आहात, एवढं सांगून उठा.

सरांकडे आधी जाऊन या, भित्तिपत्रक त्यानंतर लावा. वहिनींकडे दुपारी चारच्या सुमाराला जा, घरातले पुरुष शेतावर असताना, आणि पिशवीत कादंबरी नेऊ नका.